हळदीचा पिवळा

आमच्या घरात लग्नाची मुलगी आहे हे येणाऱ्या माणसाला आधी वासावरून कळायचं. रॉकेलचा वास. रॉकेल काय, सगळ्यांच्याच स्वयंपाकघरात असायचं, पण आमच्याकडे तो वास बाहेरच्या खोलीत, अण्णांच्या आरामखुर्चीशेजारी असायचा, आणि त्याला कारण मी. माझी मोठी बहीण नलूताई भरतकाम करायची आणि तिच्या कापडावर नक्षी उतरवून द्यायचं काम माझ्याकडे होतं. बटरपेपरवर नक्षी काढायची, तो कागद घडी घातलेल्या गोधडीवर पसरायचा, शिवणाची सुई बुचात खोचून घ्यायची आणि रेघेवरून टोचत जायचं. भोकाला भोक लागता कामा नये आणि फार लांबही पडता कामा नये. असा टोचलेला कागद म्हणजे खाका. मग खाका कापडावर टाचायचा, रॉकेलात नीळ कालवायची आणि कापसाचा बोळा त्यात बुडवून, पिळून, कागदावरून अलगद फिरवायचा. कागद उचलला की खाली निळ्या ठिपक्यांची वेल. बोळा जरा जास्त ओला राहिला तर कापडावर डाग पडायचा आणि माझ्या पाठीत आईचा धपाटा. रॉकेल उडून जायचं, ठिपके राहायचे, आणि वास माझ्या बोटांना राहायचा. शाळेत माझ्या बाकावर बसणारी मुलगी डबा खाताना माझ्याकडे पाठ करून बसायची.

अंधेरीला, स्टेशनच्या पूर्वेला, कौलारू बैठ्या चाळीत आमचं दोन खोल्यांचं बिऱ्हाड होतं. मागे विहीर, विहिरीपलीकडे बहाव्याचं झाड. दुपारी बायकांची कामं आटपली की कोणी ना कोणी दारात यायची. "कुमू, तो मोराचा खाका दे ना गं." "कुमू, उशीच्या अभ्र्यावर दोन पोपट हवेत, पण समोरासमोर बघणारे काढ हं, पाठमोरे नकोत." मी काढून द्यायचे. त्यातले अर्धे मोर आणि पोपट माझ्या मनचे असायचे, कुठून उतरवलेले नसायचे, पण ते कोणाच्या लक्षात येत नसे. भरून झालेल्या कापडाच्या कोपऱ्यात नलूताई लाल दोऱ्यानं 'नलिनी' असं नाव घालायची. एकदा मी आईला विचारलं, माझं नाव का नाही? आई तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "अगं, खाका धुतला की जातो. भरलं कोणी? नलूनं. मग नाव तिचंच ना?" तेव्हा मला ते पटलं. आज हे प्रकरण लिहायला बसले आहे ते आईच्या या वाक्यानं पुढे माझं काय केलं ते सांगायलाच.

रंगांचं वेड मला कधी लागलं ते सांगता येणार नाही. शाळेत रंगांच्या वड्यांची पेटी तासापुरती हातात मिळायची आणि तास संपला की कपाटात जायची. घरी मी माझे रंग स्वतः करायचे. रविवारी आमच्याकडे तिसऱ्या व्हायच्या. वेसाव्याची कोळीण सकाळीच दारात टोपली उतरवायची, आई वाटणात ओलं खोबरं सढळ हातानं घालायची, आणि दुपारी सगळे आडवे झाले की मी उष्ट्या ताटांतल्या शिंपल्या गोळा करून विहिरीवर घासत बसायचे. त्या माझ्या रंगाच्या वाट्या. आई घरच्यासाठी एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याचं ताम्हन उपडं धरून काजळ पाडायची, त्यातली थोडी काजळी मी मागून घ्यायचे. बाभळीचा डिंक पाण्यात भिजवून त्यात एक लवंग टाकायची, म्हणजे त्याला घाण वास येत नाही, आणि त्या पाण्यात काजळी खलून घोटत बसायची. जितकी घोटावी तितकी ती काळी व्हायची आणि कागदाला धरायची. तुळशीच्या कट्ट्याला सारवायला आणलेल्या गेरूतून तांबडा, कपड्याच्या निळीतून निळा, रांगोळी वस्त्रगाळ करून पांढरा. कुंकवाला मात्र आईनं कधी हात लावू दिला नाही. आणि पिवळा हळदीचा. हळदीचा पिवळा कागदावर ओला असताना असा काही झळकायचा की मी ब्रश बाजूला ठेवून नुसती बघत बसायचे. आई म्हणायची, "झालं बघून? आता आमटीला राहू दे थोडी."

शाळेत आम्हाला ड्रॉइंगला सामंतबाई होत्या. एकट्याच राहायच्या, पार्ल्याहून यायच्या, अंबाड्यात कधी फूल माळलेलं मी पाहिलं नाही. मॅट्रिकच्या वर्गांना ड्रॉइंगचा तास नसे, म्हणून शेवटची दोन वर्षं मी घरी चित्रं काढायचे आणि गुंडाळी करून बाईंना दाखवायला न्यायचे. बाई ती मधल्या सुट्टीत खिडकीशी नेऊन बघायच्या. एकदा त्यांनी विचारलं, "हा पिवळा कुठला गं?"

"हळद, बाई."

"छान आहे. पण हळद उजेडात टिकत नाही. भिंतीवर लावलंस तर डोळ्यांदेखत उडून जाईल. अंधारात ठेव ही चित्रं, जपून. तुला खरे रंग मिळेपर्यंत."

खरे रंग मिळणार होते ते मुंबईच्या चित्रकलेच्या कॉलेजात. आम्ही अंधेरीचे लोक तेव्हा फोर्टात जाण्याला 'मुंबईला जाणं' म्हणत असू. बाईंनी ठरवलं होतं की मॅट्रिक झाले की त्या स्वतः मला तिथे घेऊन जाणार, आणि प्रवेशाच्या वेळी ही चित्रं दाखवायची. त्यासाठी त्या एकदा आमच्या घरी आल्या. अण्णा एका व्यापारी कंपनीत हेडक्लार्क, त्यांचं 'बघू' म्हणजे 'नाही' असायचं. पण नलूताईनं केलेला शिरा बाईंनी आवडीनं खाल्ला, टेबलावरच्या तिच्या भरतकामाचं कौतुक केलं आणि हसून म्हणाल्या, "तुमच्या घरात कलाच आहे." अण्णा खूष झाले. "तुमच्यासोबत जाणार असेल तर आमची काय हरकत?" असं ते माझ्यादेखत म्हणाले. या वाक्याची मी नंतर त्यांना बऱ्याचदा आठवण करून दिली. त्यांना ते आठवत नसे.

चित्रं मी आईच्या पत्र्याच्या ट्रंकेत, तळाशी, काळ्या कागदात गुंडाळून ठेवायचे. त्यात विहिरीवरच्या बायका होत्या, कोळणीची टोपली होती, स्टोव्हला पिन मारणारी नलूताई होती. सगळ्यात मोठं होतं मागच्या बहाव्याचं. वैशाखात तो असा फुलायचा की पान दिसत नसे, नुसते पिवळे घोस खाली लोंबत. आधी गेरूनं खोड आणि फांद्या, मागे विहिरीचा कठडा, निळीवर हळद देऊन केलेली थोडीशी हिरवी पानं, आणि मग हळदच हळद. वाळलं की पुन्हा वर एक हात. कितीतरी दुपारी मी त्या झाडाखाली मुंग्या झटकत बसले. चांगलं काहीतरी आपल्या हातून झालं आहे हे माणसाला आयुष्यात एक-दोनदाच आतून कळतं. मला ते तेव्हा कळलं होतं.

नलूताईला बघायला याआधी जे कोणी येऊन गेले त्यांनी पत्रिका जुळत नाही असं कळवलं होतं. ती सावळी होती, हे कारण कोणी कळवत नसे. पार्ल्याचं स्थळ आलं तेव्हा पावसाळा नुकताच सरला होता आणि बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर ओलीचा भलामोठा काळपट डाग पडला होता. माणसं दारात यायची वेळ झाली आणि आईला तो डाग दिसेनासा करायची घाई झाली. कॅलेंडर लावलं, ते पुरेना. मी आत नारळाच्या वड्या ताटलीत लावत होते. बाहेर आले तर डागावर माझा बहावा. चारी कोपऱ्यांना टाचण्या. मी ओरडणार तेवढ्यात दारात चपला वाजल्या.

मुलाची आई चांगली धिप्पाड होती, बोलणं मोकळं. तिनं नलूताईला दोन-चार प्रश्न विचारले, टेबलक्लॉथ उलटा करून मागचे टाके बघितले, आणि मग मान वर केली. "अगंबाई! हे झाड कोणी काढलं?"

मी ताटली घेऊन आईच्या शेजारीच उभी होते. आईनं एकदा नलूताईच्या खाली घातलेल्या मानेकडे पाहिलं आणि म्हणाली, "आमच्या नलूचंच. हातात कलाच आहे तिच्या." आईच्या तोंडून खोटं किती सहज निघालं याचं मला तेव्हा नवल वाटलं. आता वाटत नाही. टेबलक्लॉथवरचे पोपट नलूचे, तर भिंतीवरचं झाडही नलूचंच, तिच्या दृष्टीनं मध्ये उंबरासुद्धा नव्हता. मुलाची आई म्हणाली, "आणखी आहेत का? मग रुखवतात सगळी मांडा हं. आमच्या ह्यांना चित्रांचा फार शौक."

होकार आला. आईनं देवापुढे साखर ठेवली. मी ट्रंकेवर जाऊन बसले.

"आई, ती माझी आहेत. मला कॉलेजात दाखवायचीत."

"परत काढशील गं. तुला काय, बसलीस की झालं."

"बसलीस की झालं? दोन वर्षं लागलीत मला! आणि आता मॅट्रिकचा अभ्यास कधी करू आणि चित्रं कधी काढू? तुमचे रुखवताचे खाके पण मीच टोचतेय ना?"

अण्णांनी पेपर खाली ठेवला. ते ओरडले असते तर मी उलट ओरडले असते, पण ते अगदी हळू बोलले. "कुमुद, त्यांना जाऊन काय सांगू? आम्ही खोटं बोललो?"

"हो."

"मग लग्न मोडेल. मोडू दे?" त्यांनी नलूताईकडे बोट केलं. ती दाराआड उभी होती, पदराचं टोक चावत. "तू सांग. तू म्हणशील तसं करू."

सोळा वर्षांच्या मुलीला बापानं विचारायचा हा प्रश्न आहे का? मी अजून त्यांना हे माफ केलेलं नाही. निर्णय त्यांचा होता आणि तो त्यांनी माझ्या मांडीवर आणून ठेवला, म्हणजे पुढे कोणी त्यांना बोल लावायला नको. मी ट्रंकेवरून उठले.

चित्रांच्या पाठीवर मी पेन्सिलीनं माझं नाव घातलं होतं. ते आईनं खोडरबरानं खोडलं, जपून, कागद न चुरगळता. आता समोरच्या बाजूला नाव हवं होतं. नलूताईचं अक्षर गिचमिड. अण्णा म्हणाले, "कुमुदच घालेल, तिचं वळण चांगलं आहे." मी काजळीची शिंपली काढली, नवीन लवंग टाकून डिंक भिजवला आणि दोन दुपारी काजळी घोटली. इतकी घोटायचं काही कारण नव्हतं. रागानं घोटत राहिले. मग बोरूनं एकेका चित्राच्या उजव्या कोपऱ्यात लिहिलं, 'कु. नलिनी पेडणेकर'. नलूताई शेजारी बसून ओल्या अक्षरांवर पुठ्ठ्यानं वारा घालत होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "कुमू, एकदा लग्न होऊ दे. मी सांगीन त्यांना सगळं. देवाशपथ सांगीन." मी तिच्यावर विश्वास ठेवला. तिच्यावर मला राग धरता येत नव्हता, तेवढी ती मला आवडायची.

लग्न वैशाखात झालं. माझी परीक्षा होऊन गेली होती. कार्यालयात एका बाजूला लांबच लांब टेबलं लावून रुखवत मांडलं होतं. कुरड्या-पापडांचे डबे, चकल्यांचं मंदिर, मण्यांची तोरणं, माझ्या मोर-पोपटांचे अभ्रे, आणि मागे पडद्यावर ओळीनं माझी चित्रं. मधोमध बहावा. बायका पुढे यायच्या, कोपरा वाचायच्या, 'कमाल आहे हो' म्हणायच्या. सामंतबाईंना अण्णांनी आठवणीनं आमंत्रण दिलं होतं. त्या नेमक्या त्या टेबलासमोर येऊन थांबल्या. आधी त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं हसू आलं. मग त्या पुढे वाकल्या, चष्मा नीट केला, एका चित्राचा कोपरा वाचला, दुसऱ्याचा वाचला. नलूताईच्या सासूबाई तिथेच होत्या. त्या कौतुकानं म्हणाल्या, "सगळी आमच्या सुनेनं काढलीत बरं का!"

बाई माझ्याकडे वळल्या. "कुमुद, ही ताईनं काढलीत?"

चार पावलांवर अण्णा गुलाबदाणी घेऊन उभे होते. त्यांचा हात थांबला होता. मी त्यांच्याकडे पाहिलं, सासूबाईंकडे पाहिलं. "हो, बाई."

"आणि तू मला दाखवायला आणायचीस ती?"

ती आणि ही एकच, हे त्यांना दिसतच होतं. त्यांना एवढंच वाटलं की ही मुलगी दोन वर्षं बहिणीची चित्रं आपली म्हणून खपवत होती. "असं करू नये गं," त्या हळूच म्हणाल्या. त्यांनी नलूताईच्या हातात नारळ दिला आणि जेवायला न थांबता निघून गेल्या. पंगतीत जिलबी होती आणि मठ्ठा होता. मी सगळ्यांना वाढला.

दुसऱ्या दिवसापासून मी अण्णांच्या मागे लागले. मला बाईंकडे जाऊ द्या, एकदाच, खरं सांगून येते. अण्णा म्हणाले, "त्या राहतात कुठे? पार्ल्यात. व्याही कुठे राहतात? पार्ल्यात. उद्या सगळ्या पार्ल्यात होईल. तुझ्या चित्रांपायी तिचा संसार उठवायचाय?" आईला विचारलं तर आई म्हणाली, "झालं गेलं, आता कशाला?" लपून जावं तर शेजारच्या बायकांपासून स्टेशनच्या फुलवाल्यापर्यंत सगळे ओळखीचे. निकाल लागला, मी पास झाले. जून उलटून गेला. बाई आल्या नाहीत, कशाला येतील? अण्णांनी मला टायपिंगच्या क्लासला घातलं आणि 'मुलीच्या जातीला हे बरं' असं चार लोकांत सांगितलं. मी पुढे जन्मभर टाइप केलं, दुसऱ्यांनी सांगितलेलं, दुसऱ्यांच्या सहीसाठी. शिंपल्या आईनं फेकल्या. उरलेला डिंक नलूताईच्या पहिल्या बाळंतपणाच्या लाडवांत गेला. तिच्यापर्यंत डबा पोचवायला मीच गेले होते.

तिच्या सासरी ती चित्रं एकेक करून गेली, कोणाला भेट दिली, कोणती वाळवीनं खाल्ली. बहावा मात्र काचेच्या चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला, खिडकीच्या बरोबर समोर. सुरुवातीला तिचे यजमान नवीन चित्र काढ म्हणून मागे लागत. ती म्हणायची, "लग्नानंतर हात बसत नाही हो." यावर कोणालाच शंका आली नाही. बायकांचे हात लग्नानंतर बसत नाहीत हे सगळ्यांना माहीतच असतं. ती कधी सांगेल याची मी आधी वाट बघत होते. मग तिच्या सासूबाई गेल्या तेव्हा वाटलं, आता सांगेल. मग यजमान गेले. मी संक्रांतीला आणि गणपतीला तिच्याकडे जायचे आणि पहिल्यांदा त्या भिंतीकडे बघायचे. पिवळा दर खेपेला थोडा कमी असायचा. रोज बघणाऱ्यांना ते कळत नव्हतं. लोक मला म्हणतात, बहिणी-बहिणींत असं मनात ठेवू नये. ज्यांचं काही गेलेलं नसतं त्यांना असं म्हणायला सोपं असतं.

मागच्या गणपतीत गेले तेव्हा तिची धाकटी नात जमिनीवर कागद पसरून रंगवत बसली होती. तिच्याजवळ रंगांच्या नळ्यांचा मोठा डबा होता. मधेच तिनं भिंतीकडे पाहिलं आणि म्हणाली, "आजी, तू वाळलेलं झाड का काढलंस?"

खरंच वाळलेलं होतं. गेरूचं खोड, गेरूच्या फांद्या, विहिरीचा कठडा, आणि पानं होती तिथे निळीचे चार फराटे. बाकी कागद. नलूताई अळूच्या पानांच्या शिरा काढत होती. मान वर न करता ती म्हणाली, "तसंच होतं गं ते."

मुलगी माझ्याकडे वळली. "मावशीआजी, तू पाहिलं होतंस ते झाड?"

"पाहिलं होतं," मी म्हटलं. "फुललेलं होतं. एवढं पिवळं, की पान दिसत नव्हतं."

नलूताईचा हात थांबला. खोलीत आम्ही तिघीच होतो. सासू नव्हती, नवरा नव्हता, अण्णा-आई तर कधीच गेले होते. मोडायला आता कोणाचं लग्न नव्हतं. मी वाट बघितली.

"तुला आठवत नाही, कुमू," ती म्हणाली, आणि पुढचं पान घेतलं.

मी उठून चित्राजवळ गेले. चष्मा लावला. उजव्या कोपऱ्यात 'कु. नलिनी पेडणेकर' होतं, काळंभोर, एक रेघसुद्धा फिकी झालेली नव्हती. काजळी मी चांगली घोटली होती.